जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम: नवी सुरक्षा संहिता, मजुरांचे हक्क आणि मशीनवरची खबरदारी

रुईगठाण (धागाकर्ता)

पहिल्या वेच्याचा कापूस बाजारात आला की वणी, पांढरकवडा, राळेगाव, हिंगणघाट, आर्वी, अकोट या पट्ट्यातली जिनं (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधणारे कारखाने) सुरू होतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. काम हंगामी, मजूर मुकादमामार्फत आणि हजेरी मुकादमाच्या वहीत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कारखाने अधिनियम १९४८, कंत्राटी कामगार अधिनियम १९७०, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम १९७९, विडी-सिगार कामगार अधिनियम १९६६ असे एकूण १३ कायदे तिच्यात सामावले. जुने नियम संहितेच्या विरोधात जात नाहीत तोवर संक्रमणाच्या काळात चालू राहतात.

हा धागा काढायचं कारण म्हणजे सध्या सगळीकडे ऐकू येणारं एक वाक्य: "वीसच्या आत माणसं असली की आता कायदा लागत नाही." हे अर्धवट आहे आणि अशा अर्धवट माहितीवरच माणसं हात गमावतात.

पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार झाले की तो 'कारखाना' ठरायचा, विजेशिवाय २०. आता हे आकडे २० आणि ४० झाले. पण संहितेत 'आस्थापना' ही वेगळी, मोठी व्याख्या आहे आणि तिला १० कामगार पुरतात. मालकाची मूळ कर्तव्यं (कलम ६), आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, अपघाताची सूचना हे सगळं आस्थापनेला लागू आहे. म्हणजे १४ माणसांचं जिन 'कारखाना' नसेल, तरी कायद्याबाहेर नाही.

मोजताना दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही धरायच्या. सकाळी १२, रात्री १२ म्हणजे २४. मुकादमाची माणसंही त्यात येतात. मागच्या १२ महिन्यांत एक दिवस जरी आकडा २० किंवा जास्त झाला असेल तरी तो कारखाना.

कलम ६ मधल्या दोन गोष्टी प्रत्येक मजुराला तोंडपाठ हव्यात. एक, नियुक्तीपत्र. ते प्रत्येकाला द्यायचं आहे आणि आधीपासून कामावर असलेल्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. दोन, सुरक्षेच्या कोणत्याही वस्तूचे किंवा वैद्यकीय तपासणीचे पैसे मजुराकडून घ्यायचे नाहीत. मास्कचे वीस रुपये हजेरीतून कापणं बेकायदा आहे.

मशीनवाल्यांनी, दवाखान्यातल्यांनी पुढे लिहावं.

जिनफिटर

सुरुवात सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरपासून करतो, कारण डबल रोलर मशीनकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि जमिनीतल्या त्या नालीकडे कोणाचंच नसतं. सरकी जाळीतून खाली पडते आणि स्क्रू ती पुढे ढकलतो. नालीवरचं झाकण सफाईसाठी एकदा काढलं की ते भिंतीला टेकवलेलंच राहतं. पाय घसरला की पाऊल आत. स्क्रूची गती कमी असते, म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण ताकद मोटरची असते आणि पाय पकडल्यावर तो थांबत नाही.

झाकण असं हवं:
- बोल्टनं आवळलेलं, पान्याशिवाय निघणार नाही असं. नुसतं ठेवलेलं नको.
- सरकी दिसावी म्हणून जाळी लावायची असेल तर भोक बोट जाणार नाही इतकं बारीक, आणि जाळी स्क्रूच्या पात्यापासून वर उचललेली.
- नालीच्या दोन्ही टोकांना आणि लांब नालीत मध्येही तातडीचं बंद बटण. नाहीतर दोरीचा स्विच पूर्ण लांबीभर. अडकलेल्या माणसाला स्वतःला ओढता आला पाहिजे.

आता डबल रोलर. चामड्याच्या वॉशरांचे दोन रोलर, त्यांना दाबून बसवलेल्या स्थिर सुऱ्या, मध्ये वरखाली हलणारी सुरी. रुई रोलरला चिकटून सुरीखालून जाते, सरकी मागे राहते. ओला किंवा कचऱ्याचा कापूस आला की मशीन तुंबते आणि माणूस सवयीनं हात घालतो. रोलर तंतू ओढायलाच बनलाय, बोट आणि बाही त्याला सारखीच. लाकडी काठीनं ढोसणं हाही उपाय नाही, काठीसोबत हात जातो. लोखंडी सळई तर अजिबात नको: सुरी तुटते, ठिणगी पडते, आणि रुईच्या खोलीत ठिणगी म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

तुंबलेलं काढायची रीत एकच:
१. वरचा ऑटोफीडर (मशीनला कापूस पुरवणारा भाग) आधी बंद, मग मशीनची मोटर. उलटं केलं तर वरून कापूस पडतच राहतो.
२. त्या मशीनचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) खाली ओढून त्याला स्वतःचं कुलूप. किल्ली स्वतःच्या खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं.
३. पाटी: "काम चालू आहे, चालू करू नये", खाली नाव.
४. स्टार्ट बटण दाबून बघायचं की खरंच बंद आहे. चुकीचा आयसोलेटर ओढला जाण्याचे प्रकार नेहमी होतात, कारण पॅनलवरचे मशीन नंबर पुसलेले असतात. हंगामाआधी ते रंगवून घ्या.
५. रोलर पूर्ण थांबल्यावरच हात.

जुन्या जिनात तळघरातल्या एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी मशीनं चालतात. तिथे एक मशीन वेगळं बंद होत नाही, म्हणून पट्टा सरकवून काम करतात. पट्टा कंपनानं परत चढतो. अशा ठिकाणी शाफ्टच बंद करायचा, दुसरा मार्ग नाही. शाफ्टच्या गॅलरीत चालू असताना तेल द्यायला कोणी उतरू नये. ग्रीसचे निपल नळीनं बाहेर काढून घेता येतात, खर्च किरकोळ आहे.

वऱ्हाडी_बाणा

गंजीचं (कापसाच्या मोठ्या ढिगाचं) कोणी लिहिलं नाही, मी लिहितो. राजेहो, गंजीखाली माणूस दबतो ही जिनातली सगळ्यात कमी बोलल्या जाणारी गोष्ट हाये. कापूस सक्शन पायपानं ओढताना पायपवाला खालूनच ओढतो, कारण खाली वाकून सोपं जाते. वर कापूस एकमेकांत गुंतलेला असतो, तो लगेच पडत नाही. छत तयार होते. मग अचानक अख्खी दरड खाली येते. आत श्वास घ्यायला जागा नसते आणि बाहेरच्याला कुठं खोदावं तेही समजत नाही.

वरून खाली, पायरी-पायरीनं काढायचा. दरड माणसाच्या छातीच्या वर उभी राहू द्यायची नाही. पायपवाला एकटा नसला पाह्यजे, दुसरा माणूस बाजूला, त्याचं लक्ष गंजीवर. लेकरं गंजीवर खेळतात, मजुरांच्या झोपड्या तिथंच असतात म्हणून. त्याले कुंपण पाह्यजेच. सरकीच्या गोदामातही हेच: खालून गेट उघडं असताना ढिगावर चढायचं नाही, सरकी पायाखालून सरकते आणि माणूस आत जातो.

पैनगंगाकाठ

कवडी (खराब, डागाळलेला कापूस) आणि कचरा वेचायला बहुतेक बायाच असतात. साडीचा पदर, केस, बांगड्या याबद्दल काय करावं? आणि रातपाळीला बायांना बोलावणं कायदेशीर आहे का? आमच्याकडे मुकादम म्हणतो की आता नवीन कायद्यानं चालतं.

कामगारवकील

ताई, चालतं, पण अटींसह. कलम ४३ नुसार संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईला काम देता येतं ते तिच्या संमतीनंच, आणि सुरक्षितता, सुट्ट्या व कामाचे तास यांच्या विहित अटी पाळूनच. "सगळ्या येतात म्हणून तू पण ये" ही संमती नव्हे. लेखी घ्या आणि त्यात परत सोडण्याची व्यवस्था काय हे लिहून घ्या. वेगळं स्वच्छतागृह, उजेड, पाणी या तर दिवसाच्याही गरजा आहेत.

इथे जुना संदर्भ सांगायला हवा. १९४८ च्या कायद्याचं कलम २७ असं होतं की कापूस दाबण्याच्या कारखान्यात जिथे कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं यंत्र) चालू असेल त्या भागात बाया आणि मुलांना कामाला लावायचं नाही. ओपनरची भरणीची बाजू छतापर्यंतच्या भिंतीनं वेगळी केलेली असेल तरच त्या बाजूला चालेल. नवी संहिता बायांना सर्व प्रकारच्या कामांची मुभा देते. माझ्या मते मुभा योग्यच आहे. पण ती भिंत काढून टाकायचं काहीच कारण नाही, ती धूळ आणि आग दोन्ही अडवते आणि पुरुषांचीही फुप्फुसं तीच असतात.

जिनफिटर

कपड्यांबद्दल: शेतात फवारणीला, वेचणीला बाया साडीवरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तेच जिनात करावं. पदर शर्टाच्या आत, शर्टाची बटणं लावलेली, बाह्या मनगटाशी बंद. वेणी अंबाड्यात आणि वर घट्ट रुमाल. काचेच्या बांगड्या काढायला कोणी तयार नसतं, तर त्या शर्टाच्या बाहीत घेऊन मनगटाला बाही बांधा. पुरुषांनी गळ्यातला दुपट्टा मशीनजवळ अजिबात ठेवू नये. लोंबतं टोक शाफ्टात गेलं की मान जाते. हातमोजे रोलरजवळ घालू नका, ते ओढले जातात. गठाणीच्या तारा हाताळताना मात्र चामडी हातमोजे हवेतच.

ग्रामीण_दवाखाना

धुळीबद्दल नीट लिहितो, कारण ती दिसते पण मनावर कोणी घेत नाही.

कापसाच्या धुळीत बोंडाच्या वाळलेल्या पानांचा भुगा आणि त्यावरच्या जिवाणूंची विषं असतात. त्यातून बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. सूतगिरणीच्या कार्डिंग विभागात तो जास्त, पण जिनातही होतो. ओळखायची खूण ठरलेली आहे: आठवडी बाजाराची सुट्टी घेऊन माणूस परत आला की त्या पहिल्या दिवशी दुपारनंतर छाती आवळल्यासारखी होते, खोकला, दम. दुसऱ्या दिवशी कमी. हे बरीच वर्षं चालतं, मग आठवडाभर त्रास राहू लागतो आणि शेवटी सुट्टीतही दम जात नाही. त्या टप्प्यावर फुप्फुस परत येत नाही. बिडी ओढणाऱ्यात हे लवकर होतं.

बहुतेक वेळा याला दमा, ॲलर्जी किंवा टीबी समजून औषधं दिली जातात. टीबीची तपासणी करावीच, पण डॉक्टरांना "जिनात काम करतो आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतं" एवढं एक वाक्य सांगा. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, अशी दोनदा करायला हवी. एकदाच केली तर फरक पकडता येत नाही. बिसिनोसिस आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा हे दोन्ही संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे निदान झालं की कळवणं बंधनकारक आहे. मालकानंही, डॉक्टरनंही. मोफत वार्षिक आरोग्य तपासणी संहितेत आहे. सरकारनं ४० वर्षांवरच्या कामगारांसाठी ती जाहीर केली आहे.

फडकं तोंडाला बांधल्यानं मोठा कचरा अडतो, बारीक धूळ आत जातेच. भारतीय मानक ९४७३ चा एफएफपी-२ मास्क घ्या. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडा; डोळ्यांकडे हवा आली तर मास्क नीट नाही. धुळीत एका पाळीनंतर तो जड वाटतो, तेव्हा बदलायचा, धुवायचा नाही.

जिनफिटर

धूळ उडवायचीच नाही हा खरा इलाज. पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं मशीनं फुंकतात, त्या पंधरा मिनिटांत दिवसभराची धूळ पुन्हा हवेत येते. आधी झाडून-ओढून घ्या, शक्य तिथे व्हॅक्यूम, आणि फुंकणं टाळताच येत नसेल तर हॉलमध्ये फक्त मास्कवाला माणूस.

आणखी एक. क्रोम चामड्याच्या रोलरवर खाचा पाडतात तेव्हा उडणारा भुगा वेगळा घातक आहे, त्यात क्रोमियम असतं. ते काम हॉलबाहेर, भुगा आपल्यापासून दूर उडेल असं उभं राहून, मास्क लावून. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं क्रोमविरहित रोलर विकसित केले आहेत आणि नागपूरला त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. फिटरांना तिथे पाठवा.

प्रेसहाऊस

आगीचं. गठाण साधारण १७० किलोची. तिच्यात ठिणगी गेली तर बाहेर ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहते आणि कधीकधी दिवसांनी गोदामात फुटते. ठिणगी येते ती कापसातल्या दगड-खिळ्यातून, रोलर सुरीला घासून, बेअरिंग तापून. म्हणून सक्शनच्या नळीत लोहचुंबक आणि दगड पाडणारा कप्पा, आणि ते दर पाळीला साफ. चुंबक लोखंडानं भरला की तो असून नसल्यासारखा.

रोलरवर आग दिसली तर पहिलं काम पंखा आणि सक्शन बंद. पंखा चालू असेल तर जळती रुई नळीतून पुढे कंडेन्सरपर्यंत (रुई गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत) आणि प्रेसच्या पेटीत जाते. मग फीडर. मग पाणी. कोरड्या पावडरचं यंत्र वरची ज्वाळा मारतं, आतलं धुमसणं नाही. रुईला पाणीच लागतं, त्यात थोडा साबण असला तर ते आत मुरतं. इलेक्ट्रिक पॅनलला पाणी नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड. आग लागलेल्या वेळी दाबलेल्या दोन-चार गठाणी संशयित धरून उघड्यावर, इतर मालापासून लांब ठेवा आणि काही दिवस नजर ठेवा.

तार किंवा पट्टी कापताना समोर उभं राहू नका, ती चाबकासारखी उसळते. बाजूला उभं राहून, चष्मा लावून, एक हात पट्टीवर दाबून. प्रेसच्या पेटीत अडकलेली रुई काढायला उतरायचं असेल तर पंपाला कुलूप, दाब शून्य झाल्याचं मीटरवर बघणं आणि ट्रॅम्परला (पेटीत रुई दाबणाऱ्या भागाला) लोखंडी आधार. नुसता स्विच बंद पुरत नाही, तेलाचा दाब टिकून राहतो.

छोटा_जिनवाला

सगळं बरोबर आहे, पण सेफ्टी ऑफिसर, कमिटी, कँटीन हे आम्हाला झेपणारं नाही. हंगामात बारा तास चालवावंच लागतं, कापूस गाडीत उभा असतो.

कामगारवकील

भाऊ, ते तुम्हाला सांगितलेलंच नाही. सेफ्टी ऑफिसर आणि समिती कारखान्यात ५०० कामगारांपासून, धोकादायक प्रक्रियेत २५० पासून. कँटीन १००, पाळणाघर ५०. तुम्हाला लागतं ते प्रथमोपचार, पाणी, स्वच्छतागृह, मशीनवरचे गार्ड (झाकणं), नियुक्तीपत्र आणि हजेरीपत्रक. बारा तास चालवा, पण पाळ्या करा. एकाच माणसाकडून आठ तासांवर काम त्याच्या संमतीनं आणि दुप्पट दरानं. शेवटच्या दोन-तीन तासांत थकलेल्या हाताला रोलर दिसत नाही.

आता नुकसानभरपाई, कारण मालक आणि मजूर दोघंही इथे चुकतात. फक्त जिनिंग किंवा प्रेसिंग करणारा कारखाना हा 'हंगामी कारखाना' म्हणून ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) बाहेर राहतो. सामाजिक सुरक्षा संहितेतही तो अपवाद कायम आहे. म्हणजे अपघात झाला तर पैसे थेट मालकाच्या खिशातून. सोबत सरकीची तेलघाणी वर्षभर चालत असेल तर तो 'फक्त जिनिंग' राहत नाही, ईएसआय लागू होतो का ते आधीच तपासून घ्या.

हिशोब असा. मासिक मजुरी १२,००० धरू, वय ३०, त्या वयासाठी कायद्यात ठरलेला गुणक २०७.९८. मृत्यू झाल्यास मजुरीच्या ५० टक्के गुणिले गुणक: ६,००० × २०७.९८ = १२,४७,८८० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्क्यांनी: ७,२०० × २०७.९८ = १४,९७,४५६. अंशतः अपंगत्वात याच रकमेचे टक्के: अंगठा गेला ३०, एका हाताची चार बोटं ५०, पूर्ण पंजा ६०. म्हणजे नुसत्या अंगठ्याचे सुमारे ४ लाख ४९ हजार. पन्नास हजारांत 'समझोता' करून कोऱ्या कागदावर सही घेतली तरी हक्क जात नाही, असा करार रद्दबातल असतो.

मृत्यूच्या प्रकरणात रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची. घरी जाऊन हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत. शिवाय कर्तव्य न पाळल्यानं मृत्यू झाला तर सुरक्षा संहितेचं कलम १०३: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. त्या दंडातला किमान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसाला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

ग्रामीण_दवाखाना

बोट किंवा पंजा तुटला तर: आधी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर. हळद, चुना, तंबाखू काहीही लावू नका. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ फडक्यात, मग घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. १०८ ला फोन करतानाच मेडिकल कॉलेजला नेणार हे ठरवा, आणि तिथे जोडणीची सोय आहे का फोनवर विचारा. पंजा असेल तर साधारण सहा तासांच्या आत टेबलावर पोहोचला पाहिजे. जिनच्या ऑफिसात बर्फ नसतो. हंगामात जवळच्या हॉटेलवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पैनगंगाकाठ

झाकण उघडं आहे हे दिसत असताना मुकादम "कर" म्हणाला तर? आणि हजेरी मुकादमाच्याच वहीत असेल तर उद्या सिद्ध काय करणार?

कामगारवकील

कलम १४ नुसार सुरक्षेच्या सोयी अपुऱ्या असतील तर मालकाकडे म्हणणं मांडायचा हक्क आहे. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल असं वाजवी कारणानं वाटलं तर ते मालकाला आणि निरीक्षकाला कळवा. मालकानं तातडीनं उपाय करायचा आहे. तोंडी सांगितलं तर व्हॉट्सॲपवर त्याच मिनिटाला फोटोसह पाठवा, तारीख-वेळ आपोआप राहते. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, नागपूरला त्यांचं कार्यालय आहे. नाव गुप्त ठेवावं असं अर्जातच लिहा.

पुराव्यासाठी: रोजच्या हजेरीचं पान महिन्यातून चार वेळा फोटोत घ्या, मजुरी बँकेत मागा, ई-श्रम नोंदणी करा. मध्य प्रदेश, छत्तीसगडहून आलेले दहा किंवा जास्त आंतरराज्य मजूर असतील तर त्यांना वर्षातून एकदा गावी जायचा प्रवासभत्ताही द्यायचा आहे. हमालांसाठी १९६९ चा राज्याचा माथाडी कायदा वेगळा आहे, तो संहितेत विलीन झालेला नाही. अपघाताची सूचना ४८ तास किंवा जास्त काम करता न येणाऱ्या प्रत्येक इजेची द्यावी लागते. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "जिनिंग मशीनमध्ये हात गेला" असंच लिहून घ्या. "पडल्यामुळे" असं लिहिलं गेलं तर नंतर ते बदलत नाही.

रुईगठाण

नियुक्तीपत्राचा साधा एक पानी नमुना मराठीत करून खाली टाकतो: नाव, काम, रोजची मजुरी, पाळीची वेळ, सुट्टीचा दिवस, ओव्हरटाइमचा दर, मुकादम आणि जिनमालक दोघांच्या सह्या. पांढरकवडा आणि वणीकडच्यांना हिंदीतही लागेल. जिनफिटर भाऊ, तुमची कुलूप-पाटीची पाच कलमं पॅनलवर चिकटवण्यासाठी मोठ्या अक्षरात करून द्या, फ्लेक्स छापून घेऊ.